ठकीचं जेवण

"पदर सोड," मी म्हणाले.

हर्षदा बेदाणा सुकवायच्या जाळ्यांच्या खाली उकिडवी बसली होती. समोर बेदाण्याचा ढीग, हातात सूप आणि पदराच्या टोकाला लिंबाएवढी गाठ. माझा आवाज ऐकून शेडमधल्या बायकांचे हात थांबले.

"आत्ती, जरा ऐका तरी..."

"ऐकते. आधी सोड."

तिनं गाठ सोडली. आत मूठभर बेदाणे निघाले. हिरवे, लांबट, एकसारखे. म्हणजे घाईत उचललेले नव्हेत, निवडून घेतलेले. मी ते तिच्या हातून घेतले आणि ढिगावर फेकले.

"माहेरी बघितले नव्हतेस का कधी? घरचा माल आहे. ताटलीत घे आणि चारचौघींत बसून खा. पदरात बांधायला तू काय रोजानं आलीयस?"

हे शेवंताला लागलं. शेवंता आमच्या शेडवरची जुनी निवडणारी, आणि तिची जीभ म्हणजे माझ्या जिभेची धाकटी बहीण. "रोजानं येणाऱ्या पदरात बांधत न्हाईत, आक्का," ती म्हणाली. "आम्ही सरळ तोंडात टाकतो."

बायका हसल्या. हर्षदा हसली नाही. मी तिचा दागिना फेकल्यासारखी ती त्या ढिगाकडं बघत राहिली.

गोष्ट मूठभर बेदाण्यांची असती तर मी बोललेही नसते. तासगावच्या बाजूला आमच्यासारख्यांच्या मळ्यात हंगामात बेदाणा पायाखाली येतो. पण ही माझी धाकटी सून. दिवाळीनंतर लग्न होऊन आली आणि आता द्राक्षांचा हंगाम सरत आला होता, आणि एवढ्या दिवसांत मी तिचं जे जे पाहिलं त्यातलं काहीच मला सरळ वाटेना. अंगानं काडी, आणि खाणं चोरून. पिठाच्या डब्यामागं गुळाचा खडा सापडला. तिच्या उशीखाली बिस्किटांचा पुडा. जेवायच्या आधी एक कापडी पिशवी घेऊन न्हाणीत जायची आणि आतून कडी लावायची. अंघोळ तर सकाळीच झालेली. दर महिन्याला मिरजेला जायचं असायचं, आईचे डोळे दाखवायला म्हणे. मी एका लग्नात तिच्या आईला विचारलं, "डोळे कसे आहेत, विहीणबाई?" तर ती म्हणाली, "देवाच्या दयेनं अजून सुईत दोरा ओवते."

आणि ते मडकं. त्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात एक कुंडी, कुंडीत ओली वाळू, वाळूत पुरलेलं लहानसं मडकं, वर ओलं फडकं. पिण्याच्या पाण्याचं म्हणावं तर त्यात तांब्याभर पाणी मावलं नसतं. ती रोज त्या वाळूवर पाणी शिंपडायची. भरतला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, मी विचारलं. तो म्हणाला, "तिच्या माहेरच्या देवाचं आहे आई, हात लावू नको." मी हात लावलाच नाही. करणीच्या वस्तूला हात लावायला मी खुळी नव्हे. पण ते मडकं माझ्या डोक्यात जाऊन बसलं ते निघेना. आमचं घर मंतरून बांधायला आलीय की काय ही?

शेवटी त्या आठवड्याच्या सुरुवातीला मी भरतला सांगून टाकलं, "येत्या सोमवारी तुझ्या सासऱ्याला बोलावून घे. मुलगी घेऊन जा म्हणावं. काय आहे ते निस्तरा, मग धाडायचं का नाही ते बघू." भरतचं तोंड उतरलं. बोलला मात्र नाही. मालक गेल्यापासून आमच्या घरात माझ्यापुढं कुणी बोलत नव्हतं, आणि घर चाललं होतं ते त्यामुळंच. सोमवारचं हर्षदालाही ठाऊक होतं. आणि आज शनिवार.

ती पुन्हा सुपातल्या काड्या वेचायला लागली. तेवढ्यात शेडच्या तोंडाशी स्कूटी येऊन थांबली.

उतरली ती एक गोल चेहऱ्याची बाई. डोक्यावरनं ओढणी, पायांत बूट, आणि स्कूटीच्या मागं दोरीनं बांधलेलं भलं मोठं गाठोडं.

"आक्का कोण?" ती म्हणाली, आणि माझ्याकडं बघून स्वतःच उत्तर दिलं. "तुम्हीच. मी नसीम मुल्ला. मिरजेच्या दवाखान्यातनं आले. साखरेच्या आजाराबद्दल बायकांशी दोन शब्द बोलायचे होते."

"दोन शब्दांना एवढं गाठोडं?"

"नुसते शब्द कुणी ऐकत नाही हो. म्हणून खेळ आणलाय."

"आणि खेळ झाला की काय गळ्यात मारणार? पावडर का कुकर?"

ती मोठ्यानं हसली. "काही नाही विकायचं."

"मग आमच्या मालाला नावं ठेवायला आलायसा. साखर झालेल्यानं बेदाणा खाऊ नये, हेच सांगणार ना? माझ्या शेडवर उभं राहून?"

"बेदाण्याला एक वाईट शब्द बोलले तर गाठोड्यासकट हाकला मला," ती म्हणाली.

मी तिला तिथूनच परत लावली असती. पण एक गोष्ट माझ्या नजरेतनं सुटली नाही. त्या मुल्ला बाईनं शेडमधल्या एकूण एक बाईकडं बघून मान हलवली, हर्षदाकडं सोडून. आणि हर्षदानंही सुपातनं डोकं वर काढलं नाही. आता मला सांगा, शेडवर स्कूटीवरनं परकी बाई आली तर कोण बघणार नाही? बघत नाही ते ओळख असलेलं माणूस.

"मांडा खेळ," मी म्हणाले. "पण कुणाचे हात थांबायचे नाहीत. आज बाजारातले व्यापारी माल बघायला येणार आहेत." मला खेळाशी काही घेणंदेणं नव्हतं. मला या दोघींचं काय शिजतंय ते बघायचं होतं.

मी माझा पाट ओढून अशा जागी बसले की दोघी एकदम दिसाव्यात.

गाठोड्यातनं चिंध्यांची एक बाहुली निघाली. लाल लुगडं, काळ्या लोकरीचा अंबाडा, कपाळाला बटणाएवढं कुंकू. "ही ठकी," मुल्ला बाई म्हणाली. "हिला साखर आहे."

"अरं देवा, एवढ्या वयात!" शेवंता म्हणाली.

बाईनं बेदाण्याच्या मोकळ्या झालेल्या जाळ्यांकडं बघितलं. एकावर एक थर, जमिनीपासनं पार पत्र्यापर्यंत. तिनं मधल्या दोन थरांना हिरव्या चिंध्या बांधल्या आणि ठकीला तिथं अडकवली. "ठकी इथं असली की सुखात. वर गेली तर साखर चढली. खाली आली तर उतरली. या टोपलीत खायचं आहे, ते तुम्ही तिला घालायचं. ठकी कुठं जाईल ते आधी सांगायचं. जिचं चुकेल तिनं उखाणा घ्यायचा."

टोपलीत कापडाचं शिवलेलं सगळं होतं. भाकरी, केळं, कपबशी, मेथीची पेंडी, वडापाव. बायका कामं सोडून गोळा झाल्या. हात थांबू नयेत म्हणाले होते, पण शेवंताच सगळ्यांत पुढं.

तिनं कपबशी उचलली. "चहा. चहा म्हणजे पाणीच की. ठकी जागेवर."

"साखर किती घालता?"

"बाईमाणसानं घालावी तेवढी."

मुल्ला बाईनं ठकीला धरून चढवलं, एक थर, दोन थर. "दिवसात किती कप?" शेवंता बोटं मोजायला लागली तशी ठकी पत्र्याला जाऊन टेकली. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. शेवंतानं पदर खोचला आणि उखाणा घेतला:

"बेदाणा निवडते, काडी काढते बाजूला,
महादूरावांचं नाव घेते, साखर नको चहाला."

मग भाकरी झाली, भाजी झाली. एकीनं ठकीला नुसताच भात भरवला आणि ठकी वर गेली तेव्हा ती खरीच चिडली. "भातात कुठं साखर घातलीया?" मुल्ला बाई तिला समजावून सांगायला लागली. माझं सगळं लक्ष हर्षदाकडं. ती एकटी कामाला चिकटून बसली होती. पण एक कळत होतं. बाई दरवेळी विचारायची, "ठकी वर का खाली?", आणि हर्षदाचे डोळे उत्तराच्या आधीच त्या थरावर जाऊन थांबलेले असायचे. एकदाही चुकले नाहीत. ही पोरगी हा खेळ आधी खेळलेली होती.

"आक्का, तुम्ही नुसत्याच बसलाय," मुल्ला बाई म्हणाली.

मी टोपलीत बघितलं आणि गुळाची ढेप उचलली. "गूळ. साखर वाईट, गूळ औषधी. ठकी जागेवर."

तिनं ठकीला वर चढवलं.

"खाली घे तिला," मी म्हणाले.

"आक्का, गूळ काय नि साखर काय, ठकीच्या रक्ताला दोन्ही सारखीच."

"आमच्यात बाळंतिणीला गूळ देतात. तुमच्या ठकीचं रक्त काय जगावेगळं आहे?"

"आक्का चुकल्या! उखाणा!" मागनं कुणीतरी ओरडलं, आणि लगेच सगळ्या गप्प झाल्या. माझ्या मोकळ्या कपाळाकडं बघून. मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी कुणाचं नाव घेणार?

मुल्ला बाई गडबडली नाही. "आक्कांना दुसरी शिक्षा," ती म्हणाली. "आक्का आता ठकीची सासू."

"ही कसली शिक्षा?" शेवंता म्हणाली. "शिक्षा ठकीला झाली."

मीही हसले. पण डोळा ठेवून. कारण शेवंतासारखीला सोडून तिनं मला सासू केली होती, आणि ते मला आपोआप झाल्यासारखं वाटेना.

इतक्यात घरातनं थोरली सून सुनंदा आली. आमचं घर शेडला लागूनच. "आत्ती, व्यापारी आलेत. भरतभावजी नि हे त्यांना माल दाखवतायत. म्हणाले, बघून झाल्यावर जेवायला बसू. उशीर होईल. भाकऱ्या झाकून ठेवल्यात."

"होऊ दे उशीर," मी म्हणाले. "पाहुणे आधी."

खेळ सुरू झाल्यापासनं हर्षदानं तेव्हा पहिल्यांदा सूप खाली ठेवलं. उठायला गेली, परत बसली. मला वाटलं, भूक अनावर झाली असेल. अर्ध्या तासापूर्वी, बाई गाठोडं सोडत होती तेवढ्यात, ती पिशवी घेऊन न्हाणीत जाऊन आली होती.

मुल्ला बाईनं ठकीला हिरव्या थरावर आणून अडकवलं. या वेळी तिचा आवाज जरा बदलला. "आता नीट ऐका. ठकीला गोळ्या चालत नाहीत. तिला रोज पोटात सुई टोचून घ्यावी लागते. सुई साखर उतरवते. म्हणून सुई घेतली की थोड्या वेळात पोटात अन्न जायला पाहिजे. ठकीनं दुपारची सुई घेतलीय. आक्का, तुम्ही सासू. ठकीला कधी वाढता?"

"घरात पाहुणे आहेत का?"

"आहेत समजा."

"मग आधी पाहुणे," मी म्हणाले.

बाईनं ठकीला एक थर उतरवलं.

"मग घरचे पुरुष." अजून एक. "मग पोरं. मग मी." ठकी हिरव्या चिंधीच्या पार खाली आली. "मग थोरली सून. आणि मग तुमची ठकी."

बाईनं हात सोडला. ठकी जमिनीवर पडली, तोंड खाली.

कुणी हसलं नाही. शेवंता म्हणाली, "एवढ्यानं पडती व्हय? आम्ही चतुर्थीला चंद्र दिसेपर्यंत राहतो."

"तुम्ही सुई घेत नाही, मावशी. सुई घेतलेल्या माणसाची साखर उतरतच जाते. आधी घाम येतो, गार. हात कापतात. मग माणूस चिडतं, तोंडाला येईल ते बोलतं, दारू प्यायल्यासारखं. मग शुद्ध हरपते. तेव्हाही काही केलं नाही तर जीव जातो." तिनं ठकीकडं बोट दाखवलं. "आता उठवा हिला. सांगा, काय कराल?"

"कांदा फोडून नाकाला लावायचा."

"चप्पल हुंगवायची."

"अंगारा," मी म्हणाले.

बाई दरवेळी मान हलवत होती. मग म्हणाली, "शुद्ध असेल तर साखर द्यायची. साखरेचं पाणी."

मी मांडीवर हात आपटला. "वा! मघाशी माझ्या गुळाला नावं ठेवलीस. आता साखरेच्या रोग्याला साखर द्या म्हणतेस. बायांनो, ऐकताय ना? एक काय ते ठरव बाई, आणि मग दुसऱ्यांच्या शेडवर शिकवायला जा."

"तुला कळतंय का काही?"

आवाज मागनं आला. हर्षदाचा. पण असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

"कुणाचं ऐकायचंच नाही हिला! म्हातारी झाली तरी नुसती जीभ, नुसती जीभ!"

माझ्या सुनेनं मला अगंतुगं केलं. शेवंतासमोर, रोजानं आलेल्या बायकांसमोर, परक्या बाईसमोर.  हर्षदा उठली, सूप लाथेनं उडालं, बेदाणे पसरले, आणि ती जाळीला धरून झुलायला लागली.

"अंगात आलं!" कोणीतरी किंचाळलं. शेवंतानं पायातली चप्पल काढली.

माझा हात वर गेला होता. मी तिचं मनगट धरलं, ओढून दोन ठेवून देणार म्हणून. आणि मनगट हाताला लागलं ते गार. ओलं आणि गार. वर तापलेला पत्रा, बायकांच्या अंगाच्या नुसत्या वाफा निघतायत, आणि या पोरीचं मनगट विहिरीतनं काढल्यासारखं. वरच्या ओठावर घामाचे थेंब. बोटं माझ्या मुठीत थडथडत होती.

मी खाली पडलेल्या ठकीकडं बघितलं. मग हर्षदाकडं. न्हाणीची कडी, गुळाचा खडा, उशीखालचा पुडा. मघाची पदरातली गाठ. मला कुणी काही सांगावं लागलं नाही.

"शेवंता, चप्पल टाक खाली!" मी ओरडले. "सुनंदा, साखर घेऊन ये. पाण्यात घालून. पळ!"

मी जवळच्या बेदाण्याच्या ढिगातनं मूठ भरली आणि तिच्या तोंडाशी नेली. तिनं माझा हात झिडकारला.

"चोर म्हणालीस ना मला?"

"म्हणाले. आता खा. हे मी देतेय."

"नको तुझं काही."

"भांडायचं असेल तर खाऊन भांड. तोंड उघड, बये!"

तिनं खाल्ले. निम्मे माझ्या बोटांसकट. तोवर मुल्ला बाई बायकांतनं वाट काढत पोचली होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू पार गेलं होतं, तेव्हाच मला कळलं की हा भाग खेळातला नव्हता. "बसवा तिला. बेदाण्याला वेळ लागतो. पाणी कुठाय?" सुनंदा तांब्या घेऊन आली. आम्ही दोघींनी मिळून तिला घोट घोट पाजलं. बाई तिचा हात धरून बसली, मी डोकं. बाईनं थोड्या वेळानं परत पाजलं. मग हळूहळू ओठांचा रंग परतला. थरथर थांबली.

हर्षदानं माझ्याकडं बघितलं. शहाण्या माणसासारखं. "आत्ती," ती म्हणाली, "मी काही बोलले का?"

"बोललीस. त्याचं नंतर बघू. सुनंदा, हिला भाकरी आण. भाजी आण."

"पण आत्ती, पाहुणे अजून..."

"आण म्हणते ना!"

बायकांना मी जेवायला घालवलं. शेडमध्ये आम्ही तिघीच राहिलो. हर्षदा भाकरी खात होती. मी मुल्ला बाईकडं वळले.

"तुम्ही हिला ओळखता."

ती ठकीच्या लुगड्यावरची धूळ झटकत राहिली.

"खोटं बोलू नका. शेडमध्ये पाय ठेवल्यापासनं मी बघतेय. खेळ कुणासाठी मांडला होता?"

तिनं हर्षदाकडं बघितलं. हर्षदानं मान डोलावली.

"तुमच्यासाठी, आक्का. शेडशेडवर मी जातेच, ते काम आहे माझं. पण आज आले ती तुमच्यासाठी. ही लहानपणापासनं आमच्याकडं येते. परवा आली ती रडतच. सोमवारी घालवून देणार म्हणाली. मी म्हटलं, सासूला खरं सांगून टाक. तर ही म्हणाली..."

"काय म्हणाली?"

हर्षदानं घास गिळला. "मी म्हटलं, आत्तींना कुणी सांगितलेलं पटत नाही. त्यांनी स्वतः पकडलं तरच पटतं."

मी तिच्याकडं बघत राहिले. एवढ्या महिन्यांत मी तिच्यावर पहारा ठेवला होता, आणि त्या पोरीनं मला आतून बाहेरनं वाचली होती. राग आला. आणि खरं सांगू, माझा संशय बरोबर निघाला याचं बरंही वाटलं. या दोघींचं काहीतरी शिजत होतं म्हणून मी म्हणत होते, ते शिजतच होतं.

"आणि मडकं?"

"सुईचं औषध गार ठेवावं लागतं," मुल्ला बाई म्हणाली.

मी भरतला हाक मारली. व्यापाऱ्यांना सोडून तो धावत आला. बायकोला, बाईला, मला असं एकत्र बसलेलं बघून तो दारातच थांबला.

"तुला माहीत होतं?"

"लग्नानंतर आठवड्यात तिनं सांगितलं."

"वाळू कोण आणत होतं?"

"मी."

"घरात फ्रीज आहे ना, गाढवा?"

"फ्रीज तुझ्या स्वयंपाकघरात आहे, आई."

संध्याकाळी मी फ्रीजचा एक कप्पा रिकामा केला. 

सोमवारी तिचे वडील आले. विट्याचे शामराव. मी निरोप मागं घेतला नव्हता, मुद्दामच. ते पुढच्या सोप्यात आले ते हात जोडूनच, आणि बसायला सांगितलं तरी बसेनात.

"भरतरावांनी फोनवर सगळं सांगितलं," ते म्हणाले. "चूक माझी आहे. पोरीला काही बोलू नका. मी घेऊन जातो तिला."

"लपवलंत का?"

"ज्यांना खरं सांगितलं त्यातलं कुणी परत उंबरा चढलं नाही, आक्का. तुमच्या वेळी नाही सांगितलं."

"म्हणजे आम्ही खोट्याला पावलो." ते खाली बघत राहिले. "ऐका, शामराव. हे मी विसरणार नाही. प्रत्येक लग्नकार्यात, प्रत्येक बारशात तुम्ही मला भेटाल तेव्हा मी हे बोलून दाखवीन. सगळ्यांसमोर. तयारी ठेवा."

"ठेवतो," ते म्हणाले.

"आणि पोरगी न्यायची का नाही, ते मला काय विचारताय? ती उभी आहे. तिला विचारा."

हर्षदा दाराशी होती. बापाकडं बघायचं तिनं टाळलं. "मी नाही जाणार," ती म्हणाली. "माझी सुई घेऊन झालीय."

म्हणजे आता पंगत. अशोक आणि भरत, माझी दोन्ही पोरं, पाटावर येऊन बसली होती. शामरावांनाही बसवलं. सुनंदानं भाकऱ्यांची दुरडी आणली. मी ताट घेतलं, वाढलं आणि अशोकच्या समोर ठेवायला वाकले. अशोकनं भाकरी मोडायला हात पुढं केला.

"ऊठ," मी म्हणाले.

"आँ?"

"दोघं उठा. पाहुणे बसू देत. हर्षदा, बस इथं."

शामराव अर्धे उठले. आमच्याकडं सासरच्या पंगतीत, बापासमोर, पुरुषांच्या आधी सून जेवायला बसलेली त्यांनी जन्मात पाहिली नसावी. मीही नव्हती पाहिली. हर्षदा बसली. पहिला घास तिनं घेतला तेव्हा तिचा बाप समोरच्या भिंतीकडं बघत होता.

"आत्ती," सुनंदा म्हणाली. ती हातात पळी घेऊन उभी होती. इतक्या वर्षांत या बाईनं मला उलट शब्द म्हणून केला नव्हता. "मला साखर झाली, की माझाही नंबर लागेल का?"

 अशोकनं बायकोकडं असं बघितलं जसं ती दुसऱ्याच कुणाची आहे.

मी तिच्या हातातली पळी काढून घेतली. "बस. तूही ताट घे."

"वाढणार कोण?"

"मला काय हात नाहीत?"

त्या दिवशी मी वाढलं. दोघी जेवल्या, पाहुणे जेवले, नातवंडं जेवली. माझे दोघे लेक ओट्यावर बसून आत बघत होते, आणि सगळ्यांत शेवटी त्यांची पानं झाली. अशोकनं भाकरीला हात लावला आणि तोंड वाकडं केलं.

"आई, पार गार झालीय की."

"खा," मी म्हणाले. "गार भाकरीनं काही होत नाही. मी निम्मा जन्म तीच खाल्लीय."